ब्रुनो पहिल्यांदा चावला तो घरातच

पुण्याच्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं. घरात आठ वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, ब्रुनो. सोसायटीतल्या पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. गेल्या रविवारी संध्याकाळी जिन्यात शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाने नेहमीसारखा त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ब्रुनो त्याच्या हाताला कडकडून चावला. जखम खोल आहे. मुलाचे वडील पोलिसांत जायचं म्हणतात. सोसायटीने सात दिवसांत कुत्रा हलवा अशी नोटीस दिली आहे. ताईंचे यजमान म्हणतात, ओळखीच्या शेतावर सोडून येऊ. ताई विचारतात: आम्हाला अटक होईल का, सोसायटी कुत्रा काढायला लावू शकते का, आणि त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल का? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'तीन आठवड्यांपूर्वी अंग पुसताना मलाही चावला होता, पण घरातलंच म्हणून कोणाला बोललो नाही.'

ताई, तुमच्या साऱ्या प्रकरणाचा भार त्या शेवटच्या ओळीवर आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल आणि तो टाळण्यापुरती काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला निष्काळजीपणे दुखापत केल्याचं कलम १२५ सहसा लावतात. कुत्रा चावला एवढ्यावर २९१ सिद्ध होत नाही. आठ वर्षं कुणाला दात न लावलेला कुत्रा एक दिवस चावला, तर 'याचा अंदाज आम्हाला कसा येणार' हा बचाव खरा असतो आणि कोर्टात ऐकलाही जातो. पण तुमच्या बाबतीत अंदाज तीन आठवड्यांपूर्वीच आला होता. त्या दिवसानंतर ब्रुनोला मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळी, मुसकं न बांधता जिन्यात नेलं, हे तुमच्या विरोधात जाईल.

हे पुस्तकी बोलणं नाही. २०१० साली मुंबईत भर रस्त्यात मालमत्तेवरून वाद चालू असताना एका मालकाने गाडीचं दार उघडलं, रॉटवायलर बाहेर आला आणि ७२ वर्षांच्या नातलगाला चावला. जानेवारी २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. कुत्रा आक्रमक आहे हे मालकाला ठाऊक होतं, हा मुद्दा तिथेही निर्णायक ठरला.

अटकेचं म्हणाल तर घाबरून जाऊ नका. ही कलमं दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण जामीनपात्रही आहेत, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे. जखम 'गंभीर' ठरली तर मात्र कलम १२५ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. हाड मोडणं, चेहऱ्यावर कायमचा व्रण, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना अथवा रोजचे व्यवहार करता न येणं, हे सारं गंभीर दुखापतीत मोडतं. म्हणून मुलगा शाळेत कधी जायला लागला, याला कायद्यातही महत्त्व आहे.

पोलिसांनी बोलावलं तर वकिलाला सोबत घेऊन जा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही, तेव्हा त्या जुन्या चाव्याबद्दल न बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण 'हा आजवर कधीच चावला नाही' असं लिहून देऊ नका, सोसायटीलाही नाही. तुम्ही स्वतः दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याची नोंद तिथे आहेच. (घेतलं नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.)

सोसायटीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पाळीव प्राणी ठेवायला बंदी करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेलाही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. नोटिशीला लेखी उत्तर द्या. त्यात महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला जोडा. परवाना काढला नसेल तर आधी काढा, नाहीतर बोलायला तोंड राहणार नाही. आणि आजपासून काय करणार ते लिहा: आखूड पट्टा, हवा घेता येईल असं जाळीचं मुसकं, फिरवायला कायम मोठं माणूस, मुलांच्या वेळा टाळून. लिहिलंत की पाळा, कारण पुढच्या वेळी हाच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जाईल. कुणी 'औषध घालू' असं बोललं असेल तर त्यांनाही सांगा की जनावराला विष घालण्याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

शेतावर सोडणं मात्र अजिबात नको. एक तर वाजवी कारणाशिवाय जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा नजरेसमोर लागतो. तो दहाव्या दिवशी धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असं डॉक्टर सांगू शकतात. तुम्ही त्याला हलवलंत किंवा मारलंत, तर त्या पोराच्या आईबापांच्या हातातून हे उत्तर जाईल. माझ्या एका पक्षकाराने तिसऱ्या दिवशी कुत्रा गावी धाडला होता. तोवर तडजोडीला तयार असलेलं समोरचं कुटुंब त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलं, आणि मला त्यांची चूक वाटली नाही.

झोपवण्याचा निर्णय आज घेऊ नका. ब्रुनो तुम्हाला चावला अंग पुसताना, मुलाला चावला पाठीवर हात ठेवल्यावर. मी पशुवैद्य नाही, पण अशी बरीच प्रकरणं हाताळल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो दुखण्याचा. उतारवयातल्या लॅब्रेडॉरचे खुबे आणि मणका दुखणं नवलाचं नाही. कान सडलेला असतो, नजर गेलेली असते. तपासणी करून घ्या, एक्स-रे काढा, आणि अहवाल लेखी घ्या. तो औषधासाठी लागेल आणि कोर्टातही लागेल.

मुलाच्या घरी अजून गेला नसाल तर जा. उपचाराचा सगळा खर्च द्या, बँकेतून द्या. चिठ्ठीत 'उपचारासाठी' एवढंच लिहा. 'तक्रार न करण्याच्या अटीवर' असं चुकूनही लिहू नका. गुन्हा नोंदला गेलाच, तर २९१ खालचा खटला दोघांनी आपसात मिटवून संपत नाही. परस्परसंमतीने तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे मुलाच्या आईवडिलांचं मन तुमच्याबद्दल कसं आहे यावर बरंच ठरतं.

हे लिहितेय तो आठवा दिवस आहे. परवा ब्रुनोला पशुवैद्याकडे न्या, तो जिवंत आणि निरोगी असल्याचा दाखला तारखेसह घ्या. त्याची एक प्रत त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन मुलाच्या आईच्या हातात द्या, म्हणजे पुढचे डोस किती घ्यायचे ते तिला डॉक्टरांना विचारता येईल.