सतरा नावांची यादी

"मॅडम, चांगला थेरपिस्ट कसा ओळखायचा?" माझं काम बोलण्यातून मनाचे उपचार करण्याचं, त्यामुळे हा प्रश्न लोक मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात गाठून विचारतात, भाचीच्या मैत्रिणीसाठी म्हणून फोनवर विचारतात. (भाचीची मैत्रीण बहुतेक वेळा स्वतः फोनवरच असते.) "आणि चुकीचा भेटला तर?" हे शेपूट त्याला ठरलेलंच. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण महिनोन्‌महिने शोधत असतात. त्रास चालू, शोध चालू, प्रत्यक्षात मात्र एकाही थेरपिस्टला भेटलेले नसतात.

अशाच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांना सुहास म्हणू. नाव, नोकरी बदलली आहे आणि दोन-तीन जणांचे अनुभव त्यात मिसळले आहेत.

सुहास मुलुंडचे. वय चाळिशीच्या थोडं पुढे, फोर्टच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम. एका सकाळी फास्ट लोकलने घाटकोपर सोडलं आणि त्यांच्या छातीत धडधडायला लागलं, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता काही आपण वाचत नाही, असं वाटून ते कुर्ल्याला कसेबसे उतरले. मग ईसीजी झाला, टू-डी एको झाला, थायरॉइड तपासलं. सगळं व्यवस्थित. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक आहे, मनाचं बघणाऱ्या कुणाला तरी भेटा.

तेव्हापासून सुहास दोन गोष्टी करत होते. फास्ट सोडून स्लोने जात होते. "स्लोला दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं ना मॅडम. कधीही उतरता येतं." नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी असं एकेक स्टेशन मोजत ते ऑफिस गाठायचे. आणि दुसरं, थेरपिस्ट शोधत होते.

दादरच्या माझ्या खोलीत ते बायकोबरोबर आले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक्सेलचं प्रिंटआउट काढलं. सतरा नावं. रकाने असे: शिक्षण, अनुभव, फी, स्टेशनपासून अंतर, गूगलवरचे तारे, मराठी येतं का, आणि शेवटचा रकाना "खात्री".

"मला तुमच्याकडे उपचार नकोत," ते म्हणाले. "तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, फक्त यातला कोण योग्य ते सांगा."

"सात महिने चाललंय हे," बायको म्हणाली. "याहून कमी वेळात आम्ही फ्लॅट घेतला होता."

यादी वाचताना माझ्या लक्षात आलं की तिची सगळी गंमत तिच्या सरमिसळीत आहे. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, दोन लाइफ कोच आणि एक रेकीवाल्या बाई, सगळे एकाच रांगेत उभे. त्यामुळे आधी तेवढं तरी वेगळं करून घेतलं. जवळजवळ सगळेच इथे गोंधळतात, म्हणून तेही सांगते. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. या यादीतल्यांपैकी गोळ्या तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. ते चाचण्या करतात, बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारला तर त्यांना राग येत नाही. आला, तर तेही समजलंच. समुपदेशक मात्र मानसशास्त्रात एमए केलेलाही असतो आणि चार शनिवारचा कोर्स करून पाटी लावलेलाही असतो. म्हणून समुपदेशकाला शिक्षण विचारायला लाजू नये. मलाही विचारावं. मला आवडतं सांगायला.

रेकीवाल्या बाई आणि कोच मंडळी गेल्यावर यादी चौदावर आली. सुहास यांचा चेहरा मात्र तसाच.

"मग या चौदांमधला कोण?"

उत्तर मी दिलं नाही. एखादं नाव सांगून त्यांना मोकळं करणं सोपं होतं, पण घरी जाऊन ते त्या नावाचीही तपासणी करत बसले असते. "तुम्हीच घ्या मला," असंही त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. पण त्यांचा त्रास लोकलमधला. त्यांना असा माणूस हवा होता जो गरज पडली तर मुलुंडच्या फलाटावर त्यांच्याबरोबर उभा राहील, एक स्टेशन सोबत करील. दादरला बसून ते जमण्यासारखं नव्हतं. पण निवड का होत नाही, एवढं पाहायला काही भेटी ठरवल्या.

त्या भेटींमध्ये काय काय बोललो ते सगळं इथे देत नाही. एक भेट मात्र देते.

मी यादी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "शेवटचा रकाना वाचून दाखवा. फक्त शेवटचा."

"रिकामा आहे."

"दुसऱ्या ओळीत?"

"रिकामाच."

"तिसऱ्या?"

पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज बारीक झाला. हिशेबाचा माणूस. सात महिने एक रकाना कोरा राहिला आणि आपल्याला खटकला नाही, हे त्यांना आता खटकत होतं.

"हा भरायचा कसा?" मी विचारलं.

"आणखी माहिती मिळाली की."

"कुठली राहिलीय?"

ते कागद वर-खाली बघत राहिले. "तशी... कुठलीच नाही."

"मग?"

"भेटल्याशिवाय नाही भरता येणार हा."

"आणि एकदा भेटलात तर?"

"थोडा भरेल. पूर्ण तेव्हाही नाही." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. असल्या वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब, आणि एवढ्या वर्षांनी ते मला बऱ्यापैकी जमतं. शेवटी ते स्वतःशीच हसले. "म्हणजे मॅडम, मी इथेही स्लोच पकडतोय."

हे वाक्य मी त्यांना शिकवलं नव्हतं. मी सुचवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन अठरावं नाव शोधलं असतं. लोकलमध्ये त्यांना हवी होती खात्री की काही होणार नाही, आणि झालंच तर लगेच उतरता येईल. थेरपिस्टच्या बाबतीतही तीच खात्री, तीही आत पाऊल टाकण्याआधी. ज्या गाठीसाठी उपचार हवे होते, तीच गाठ त्यांना उपचारापर्यंत पोचू देत नव्हती. मी ज्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. तिचा सगळा रोख इथेच आहे: चांगला माणूस मिळावा ही इच्छा रास्त, पण तिचा हट्ट झाला की माणूस जागचा हलत नाही. इतर पद्धतींचे माझे मित्र म्हणतात, तुला सगळीकडे हट्टच दिसतो. दिसतो खरा. पण असतोही.

पुढच्या भेटीत प्रश्नच बदलला. "योग्य कोण?" हे सोडून "पहिले तीन-चार वेळा कुणाकडे जाऊन बघायला माझी हरकत नाही?" हे त्यांनी ठरवलं. याला उत्तर सापडतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. एका भेटीत सगळं कळत नाही. पहिल्या भेटीत तर आपणच भांबावलेले असतो. तीन-चार भेटींत एवढं कळतं की हा माणूस ऐकतो का, आपण बोललेलं पुढच्या वेळी त्याच्या लक्षात असतं का, त्याच्यासमोर आपल्याला लाज गुंडाळून ठेवता येते का. हे जुळणं हा वरवरचा भाग नाही. उपचार करणारा आणि घेणारा यांचं नातं कसं जमतं याचा गुण येण्याशी संबंध आहे, हे वेगवेगळ्या पद्धतींच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

फोन करताना फी विचारावी, भेट किती वेळाची ते विचारावं, आयत्या वेळी रद्द केली तर पैसे जातात का तेही. मुंबईत खासगी फी काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत कितीही असते. महागडा म्हणजे चांगला असं समीकरण नाही. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांतली मनोविकार विभागाची ओपीडी गाठावी. नाममात्र पैशात केसपेपर निघतो. रांग असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, पण निदान आणि औषधं व्यवस्थित होतात. घराबाहेर पडायचीच भीती असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर याद्या करत बसूच नये. या नंबरवर बोलावं किंवा घरातल्या कुणाला घेऊन सरळ जवळच्या हॉस्पिटलात जावं.

घराजवळचा की लांबचा, यावरही लोक अडतात. "आमच्या एरियात नको, कोणीतरी बघेल." लालबाग-परळच्या एका बाई या भीतीने बोरिवलीला जायच्या. पावसाळ्यात त्यांच्या चार भेटी बुडाल्या आणि मग त्या जायच्याच थांबल्या. मी म्हणते, ऑफिस आणि घर यांच्या वाटेवरचा बघा. वाट वाकडी करावी लागली की पहिल्या कंटाळ्यातच उपचार सुटतो.

आणि काही ठिकाणांहून मात्र तीन-चार भेटींचीही वाट न बघता उठावं. जो "सहा सेशनमध्ये गॅरंटी" देतो, आधीच वीस भेटींचं पॅकेज गळ्यात मारतो, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगतो, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला लावतो. जो तुमच्या वेळात स्वतःच्या घटस्फोटाची कहाणी सांगतो, तोही.

सुहास यांनी मुलुंडच्याच एका बाईंची वेळ घेतली. त्यांच्याकडे गूगलचे तारे सगळ्यांत कमी होते, हे त्यांनी मला फोनवर मुद्दाम सांगितलं. चार भेटींनंतर त्यांचा पुन्हा फोन आला. बाई चांगल्या आहेत, पण त्या बालपणात फार खोल शिरतात आणि लोकलचा विषय मागेच पडतो. सोडू का?

"हे त्यांनाच सांगून बघा," मी म्हटलं. "न सांगता गायब होऊ नका."

त्यांनी सांगितलं. बाईंना वाईट वाटलं नाही. त्या म्हणाल्या, भीतीच्या प्रसंगात हळूहळू उतरवून काम करणारी माणसं वेगळी, आणि ठाण्यातल्या एका तरुण मानसशास्त्रज्ञाचं नाव त्यांनी लिहून दिलं. ते सुहास यांच्या सतरा नावांत नव्हतं. ठाण्याच्या त्या मुलाने दुसऱ्याच आठवड्यात त्यांना मुलुंड ते घाटकोपर फास्टने नेलं. सुहास सांगत होते, भांडुपपर्यंत धडधड वाढत गेली, विक्रोळीच्या आसपास कमी व्हायला लागली, आणि घाटकोपरला उतरल्यावर दोघांनी वडापाव खाल्ला. त्या वडापावचे पैसे कोणी द्यायचे, हे नियमात बसतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आपापले द्या.