चंद्रतालचे पाणी गोडे कसे?

प्रश्न : हिमाचलातील चंद्रताल आम्ही पाहिला. तलावाला येऊन मिळणारा मोठा ओढा कोठेच दिसला नाही, तरीही तो भरलेला होता. हे पाणी येते कोठून? लडाखमधील पँगाँगचे पाणी मचूळ असताना याचे गोडे कसे? चंद्रा नदी येथेच उगम पावते, हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो गैरसमज फार पसरलेला आहे. चंद्रा नदी उगम पावते ती बारालाचा खिंडीच्या परिसरातील हिमक्षेत्रात, तलावाच्या बरीच वर. तेथून ती आग्नेयेकडे वाहत येते, कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी वळण घेऊन पश्चिमेकडे जाते आणि तांडी येथे भागा नदीला मिळते. या संगमानंतरची चंद्रभागा म्हणजेच पुढची चिनाब. (पंढरपूरच्या चंद्रभागेशी, म्हणजे भीमेशी, या प्रवाहाचा काही संबंध नाही.) चंद्रताल या नदीच्या डाव्या अंगाला, पात्रापासून उंचावर, सुमारे ४,३०० मीटरवर आहे, तो नदीला पाणी देतो, जन्म देत नाही.

हा प्रदेश पीर पंजाल पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे मोसमी पावसाचा येथे फारसा भरवसा नाही. हिवाळ्यात साचलेले बर्फ उन्हाळ्यात वितळते, त्यातले बरेचसे पाणी उतारावरील दगडगोट्यांच्या राशींत मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने तलावात उतरते. म्हणून ओढा दिसत नाही, तरी पुरवठा चालू राहतो.

गोडेपणाचे मर्म मात्र आत येणाऱ्या पाण्यात नसून बाहेर जाणाऱ्या पाण्यात आहे. बर्फाच्या पाण्यातही खडकांतून विरघळलेले क्षार अल्प प्रमाणात असतातच. पँगाँगला बाहेर पडायला वाट नाही; तेथे पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. आपल्या लोणारला हेच फार स्पष्टपणे दिसते. गोमुखाजवळची धार बारमाही आणि तिचे पाणी गोडे. तरीही विवराच्या तळाशी पोहोचून कोंडले गेल्यावर तेच पाणी सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचा भाग होते. चंद्रतालातून निघणारा लहानसा प्रवाह उतरून चंद्रेला मिळतो आणि क्षार साचण्यापूर्वीच ते वाहून नेतो. तो प्रवाह दिसायला किरकोळ आहे, पण तलावाचे सारे स्वास्थ्य त्याच्यावर अवलंबून आहे.

२००५ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेल्या या पाणथळ क्षेत्राचा विस्तार अवघा ४९ हेक्टर आहे. एवढ्या छोट्या तलावात, तेही वर्षाचा बराच काळ गोठलेल्या, साबणाचे पाणी आणि सांडपाणी मिसळणे फार घातक ठरते. काठावर तंबू ठोकण्यास मनाई करून ते दूर अंतरावर उभारायला लावले जातात, ते याच कारणाने, आणि हा नियम प्रत्येक पर्यटकाने काटेकोरपणे पाळावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.