किलोमीटर राहू द्या, घरून किती वाजता निघणार ते बोला

पुण्यात बसून वीस वर्षं लोकांची विमानाची तिकिटं काढतोय, तरी दर आठवड्याला तोच घोळ येतो, अंतर किती आणि तास किती. म्हणून आलेले प्रश्न एकदाच घेतो.

मुंबई-लंडन किती किमी, किती तास?
साधारण 7,200 किमी. जाताना दहा तासांच्या आसपास, येताना तासभर कमी.

येताना कमी का? मित्र म्हणतो पृथ्वी फिरते म्हणून.
मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. पृथ्वीबरोबर हवाही फिरते हो. वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, तो येताना पाठीवर आणि जाताना तोंडावर. हिवाळ्यात जास्तच.

मुलगी न्यू जर्सीला असते. जूनच्या तिकिटावर मुंबईहून रात्री 2 ला निघून सकाळी 8.30 ला न्यूयॉर्क दाखवतंय. साडेसहा तासांत पोचते?
नाही हो काकू, सोळा तास. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. तुम्ही उतरता तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे 6, उन्हाळ्यात ते साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. आणि पाय सुजत असतील तर इतकं बसण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नको.

अ‍ॅपवर दुबईमार्गे टोरंटो बरंच स्वस्त मिळतंय, मध्ये 1 तास 20 मिनिटं, दोन वेगळ्या एअरलाइन. घेऊ का?
पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, एक आहे की दोन? हे न बघता लोक पैसे भरतात आणि मग मला फोन करतात. दोन पीएनआर म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही, तुम्ही नो-शो, तिकीट गेलं, आणि दुसरी एअरलाइन म्हणणार आमचा काय संबंध. त्यात बॅगा दुबईत उतरवून घेऊन परत चेक-इन करायच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर, म्हणजे तिथल्या व्हिसाचा प्रश्न. अ‍ॅपवाले हे सगळं 'सेल्फ ट्रान्सफर' अशा बारीक अक्षरात लिहून मोकळे, वर लाल रंगात 'शेवटच्या 2 सीट'! आणि वेळ मोजताना पुणे ते मुंबई एअरपोर्ट ही दीडशे किमी कोणी धरतच नाही. माझे एक कस्टमर शुक्रवारी संध्याकाळी अगदी हिशोबात निघाले, खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर बंद पडला, टर्मिनल 2 ला पोचले तेव्हा काउंटर बंद होऊन दहा मिनिटं झालेली. वहिनींनी तिथेच ट्रॉलीवर डबा उघडला आणि सगळ्यांनी मेथीचे पराठे खाल्ले, दुसरं करणार काय. तेव्हा एकाच पीएनआरवर, मध्ये तीन तास तरी ठेवून घ्या, आणि ट्रान्झिट व्हिसाचं त्या देशाच्या कॉन्सुलेटला विचारूनच.

पूर्वीपेक्षा दिल्ली-लंडनला जास्त वेळ का?
एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय एअरलाइन्सना त्यांचं आकाश बंद केलं, मग वळसा घालावा लागला. निघायच्या आदल्या दिवशी टाइम परत चेक करा.

डिसेंबर एंडचं सिडनीचं तिकीट आत्ता काढू की भाव उतरेल?
नोव्हेंबर संपत आला की हो! उतरत नाही. पासपोर्ट सहा महिने चालतोय का ते बघा आणि उद्या सकाळी या, स्क्रीनशॉट पाठवू नका.