ऑनलाइन कोर्सच्या गुणवत्ता तपासणीत प्राध्यापकांना खरोखर सामील कसं करायचं?

कोर्स तयार झाल्यावर फक्त सही मागू नका. व्हिडिओ एकदा चित्रित झाला की बदल करायला कुणीच राजी नसतं. पहिल्या दोन आठवड्यांचा मजकूर झाला की लगेच तपासायला द्या. अमेरिकेतल्या ‘क्वालिटी मॅटर्स’ या ऑनलाइन कोर्सची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या अधिकृत परीक्षणात तिघे परीक्षक असतात, त्यांतला एक तरी संस्थेबाहेरचा. सगळे अत्यावश्यक निकष आणि किमान ८५ टक्के गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. तिथे तपासतात कोर्सची रचना, प्राध्यापकाचं शिकवणं नव्हे. हे प्राध्यापकांना आधीच सांगितलं तर त्यांचा निम्मा विरोध मावळतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर असतात तशा कोर्समध्ये आधी चाचण्या पाहा: उद्दिष्टात ‘विश्लेषण’ आणि प्रश्न मात्र व्याख्यांचे, ही नेहमीची गफलत. आणि हो, परीक्षणाचे तास कार्यभारात धरा, नाहीतर शेरा ‘ठीक आहे’ एवढाच येतो.