ऑफिसात पॉशचं, म्हणजे कामाच्या जागी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013च्या कायद्याचं, ट्रेनिंग सक्तीचं केलंय. त्यानं खरंच फरक पडतो का? आणि महिला सहकाऱ्यांशी आता किती अंतर ठेवून वागायचं?

अंतरासाठी फुटपट्टी लागत नाही. साहेबांच्या बायकोशी जसं बोलता तसं हाताखालच्या पोरीशी बोला, विषय संपला. "आता बोलायचीही सोय राहिली नाही" म्हणणारे साहेबांच्या घरच्या लग्नात किती नीट वागतात ते मी पाहिलंय.

ट्रेनिंगचं मात्र माझं जुनं दुखणं आहे. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते, अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीवरही होते. ट्रेनिंग म्हणजे इंग्रजी व्हिडिओ, 'नेक्स्ट' दाबत जायचं, शेवटी प्रमाणपत्र. तेही कॉम्प्युटरवाल्यांनाच. पॅकिंगमधल्या कंत्राटी बायकांना समितीत कोण आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, कारण तो कागद एचआरच्या केबिनबाहेर लावलेला. खरं तर या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या येतात.

पॅकिंगमधलीच एक कंत्राटी बाई कंपनीच्या बसमध्ये छत्रपती चौकात चढायची. एक सुपरवायझर रोज तिच्या शेजारची जागा धरायचा आणि खापरी-जामठा येईपर्यंत झोपेचं सोंग घेऊन अंगावर कलायचा. तिनं जागा बदलली की हाही उठून मागे. तिनं एकदा झापल्यावर तिचा ओव्हरटाइम बंद, सुट्टी नामंजूर. मला जेवणाच्या सुट्टीत सांगायला आली तर पहिलं वाक्य काय? "ताई, माह्या घरी नका सांगू, नोकरी सोडाले लावतीन."

एचआरचे साहेब म्हणाले, "मॅडम, बसमध्ये झालं ना? बस म्हणजे काही ऑफिस नाही. आणि ती आपल्या रोलवर तरी कुठे आहे?" ट्रेनिंगच्या प्रमाणपत्रांवर सही यांचीच, बरं का! मी कायद्याची प्रत टेबलावर ठेवली. कामासाठी मालकानं दिलेलं वाहन हीसुद्धा कामाची जागाच. मग म्हणे उशीर झाला. अहो, मुदत 3 महिन्यांची, पण शेवटच्या घटनेपासून, आणि शेवटची घटना त्याच आठवड्यातली. मग म्हणे दोघांना समोर बसवून मिटवून टाकू. समेट बाईनं स्वतः मागितला तरच होतो, आणि पैशावर तर नाहीच.

तक्रार लेखी लागते. तिला लिहायला जमेना, तेव्हा ती सांगत गेली आणि मी मराठीत लिहिली. अशी मदत करणं समितीचं कामच आहे. चौकशी झाली, त्याची बदली झाली. साहेब मात्र मी राईचा पर्वत केला असंच म्हणत राहिले.

तेव्हा फरक पडतो का, तर व्हिडिओनं नाही. मराठीत, पॅकिंगच्या हॉलमध्ये, समितीच्या बायकांनी समोर उभं राहून सांगितलं तर पडतो. आणि पहिल्या रांगेत एचआरवाल्यांना बसवा, 'कामाची जागा' कशाला म्हणतात ते त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या साहेबांना तर दोनदा वाचायला लावलं असतं.

हो, खोट्या तक्रारीची भीती असेल तर जाणूनबुजून खोटी केल्यास कारवाईची तरतूद आहे, पण पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. वरच्या प्रसंगातले तपशील मी बदललेत, गोपनीयता कायद्यानंच बंधनकारक आहे. तुमच्याकडे 10 पेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नसेल, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.