झिरो मार्कअपचं कार्ड घेऊ का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, लेकीकडे तीन आठवडे जायचंय, तिथं कार्डवर साधारण ३,००० युरो खर्च होईल, जुन्या कार्डला ३% फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वरून लावते तो चार्ज) लागतो पण १% रिवॉर्ड मिळतात, आणि बँकवाला झिरो मार्कअपचं नवीन कार्ड घ्या म्हणून मागे लागलाय, ज्याची वार्षिक फी ५० युरोच्या आसपास पडते आणि रिवॉर्ड काही नाहीत. आणि शेवटी जाताजाता लिहिलंय की मागच्या वेळी मशीनवर सगळीकडे आपलंच चलन निवडलं, म्हणजे मार्कअप लागलाच नसेल ना? खरं सांगू, मला टेन्शन आलं ते या शेवटच्या ओळीचं.

आधी कार्डाचा हिशोब, तो सोपा आहे. जुन्यावर मार्कअप ९० युरो, त्यातले ३० रिवॉर्डमधून परत (पॉइंट खरंच वापरत असाल तर, बरेच जण एक्स्पायर होऊ देतात), म्हणजे निव्वळ ६०. नवीन कार्डाचे ५०. एवढ्या उठाठेवीतून वाचले १० युरो, आणि खर्च २,५०० च्या खाली गेला तर उलट तोटाच.

आता ते मशीन. कार्ड लावलं की स्क्रीनवर दोन आकडे येतात, एक युरोत आणि एक आपल्या चलनात, आपल्या चलनातला ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडंच जातं, कधीकधी तर काउंटरवरचा माणूस न विचारताच ते बटण दाबून मोकळा होतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, लोक डीसीसी म्हणतात. इथं रेट तुमची बँक किंवा व्हिसा-मास्टरकार्ड लावत नाही, दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते आणि त्यातला वाटा दुकानालाही मिळतो, मग रेट कुणाच्या सोयीचा असणार ते सांगायला नको. समजा त्यांनी ६% चढवले, तर २०० युरोच्या हॉटेल बिलावर १२ युरो गेले, जुन्या कार्डच्या मार्कअपमध्ये ६ च गेले असते. वर दुकान परदेशातलं म्हणून काही बँका आपला चार्ज तरीही लावतात, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि झिरो मार्कअपचं कार्ड इथं काहीच वाचवत नाही बरं का, ते फक्त तुमच्या बँकेचा मार्कअप माफ करतं. सगळे ३,००० असे भरले तर १८० युरो गेले, वर फीचे ५० वेगळे.

हे छुप्या चार्जचं प्रकरण जुनंच आहे, २००६ मध्ये अमेरिकेत व्हिसा, मास्टरकार्ड आणि काही मोठ्या बँकांनी कन्व्हर्जन फीच्याच केसमध्ये ३३.६ कोटी डॉलरवर तडजोड केली होती.

म्हणून मी तरी आत्ता नवीन कार्ड घेणार नाही. वर्षातून दोनदा जायला लागलात तर फी तेवढीच राहील आणि खर्च दुप्पट होईल, तेव्हा परत हिशोब करू. त्याआधी मागच्या ट्रिपचं स्टेटमेंट काढा, ज्या परदेशी दुकानापुढे युरोचा आकडाच नाही, थेट आपल्या चलनातली रक्कम आहे, तिथं बहुतेक डीसीसी झालंय. बाकीच्यांचा त्या दिवसाचा रेट व्हिसा-मास्टरकार्डच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये बघता येतो, एखाद्या दिवसाचा फरक येऊ शकतो कारण रेट कधीकधी व्यवहार प्रोसेस होतो त्या दिवसाचा लागतो.

एटीएमवर पण हाच प्रश्न येतो, तिथं 'विदाउट कन्व्हर्जन' निवडायचं. पण क्रेडिट कार्डवर कॅश शक्यतो काढूच नका, वेगळी फी लागते आणि व्याज बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून सुरू होतं, डेबिट कार्ड सोबत ठेवा.

आणि स्लिप हातात आली की आधी चलन बघा, मग सही किंवा पिन. आपल्या चलनात निघाली असेल तर तिथल्या तिथं व्हॉइड, म्हणजे रद्द, करून युरोत परत स्वाइप करायला सांगा, मागे रांग असली तरी.