पुरात मोबाइल बंद पडल्यावर निपाणी-चिकोडीकडच्या गावांना हॅम रेडिओ क्लबचा उपयोग होतो का?

होतो, पण अँटेना आणि माणसं पावसाळ्याआधी तयार असतील तरच. हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी मंडळींचा बिनतारी संच. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला ५ वॅटचा रेडिओ हँडसेट हातात धरून दोन-चार किलोमीटरच पोचतो. १४५ मेगाहर्ट्झच्या हॅम वारंवारितेसाठी ४९ सेंटिमीटरची उभी तार, खाली चार तिरप्या तारा, असा अँटेना शाळेच्या गच्चीवर चढवला की पल्ला कितीतरी वाढतो. दगा देतो तो बहुतेकदा केबलचा जोड. पाणी शिरतं आणि ऐन पावसात आवाज मरतो. जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळा, केबलला झोल सोडा, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. १२ व्होल्टची बॅटरी दर महिन्याला चार्ज करा. बटण दाबून बोलायचं मात्र परवानाधारकानेच. परवान्याची परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, तेव्हा गावातली दोन पोरं आत्ताच बसवा.